वाचकांचे प्रश्न : फ्लूट लाकडाची घ्यावी की धातूची?

या महिन्यातील पत्रांपैकी पाच पत्रे आडव्या बासरीविषयी आहेत आणि पाचही पत्रलेखकांना पडलेला पेच थोड्याफार फरकाने एकच आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या चार उत्तरांचा पाया तिथेच घालावा लागला.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची असून गेली चार वर्षे पाश्चात्त्य पद्धतीची फ्लूट शिकते आहे. सध्या तिच्याकडे चांदीचा मुलामा दिलेली विद्यार्थ्यांची फ्लूट आहे. तिला आता चांगले वाद्य घेऊन द्यावे असे आम्ही ठरवले आहे. युरोपात राहणारे माझे बंधू तिकडून एक जुनी लाकडी फ्लूट आणून देण्यास तयार आहेत. लाकडाचा आवाज धातूपेक्षा गोड आणि भरदार असतो, असे ते म्हणतात. मुलीच्या शिक्षकांचा कल मात्र चांदीच्या फ्लूटकडे आहे. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी बंधूंकडून एक गोष्ट विचारून घ्या. त्या लाकडी फ्लूटवर, मुलीच्या फ्लूटवर आहेत तशा, भोके झाकणाऱ्या गोल चाव्यांची पूर्ण यंत्रणा आहे, की बोटांनी थेट झाकायची सहा उघडी भोके आणि त्यांच्या जोडीला चार-आठ चाव्या आहेत? दुसरा प्रकार असेल, तर लाकूड की चांदी हा प्रश्नच उरत नाही. ते वाद्य निराळे, त्याची बोटे निराळी, आणि चार वर्षांत मुलीचा जो हात बसला आहे तो तिथे फारसा उपयोगी पडणार नाही.

हा भेद कुठून आला, हे थोडे सांगणे भाग आहे. आज जगभर शिकवली जाणारी फ्लूट म्युनिकच्या थिओबाल्ड बोम (१७९४–१८८१) यांच्या रचनेची आहे. बोम सोनारकामात तयार झालेले होते आणि तिथल्या दरबारी वाद्यवृंदात फ्लूट वाजवत. त्यांच्या आधीच्या फ्लूटची नळी आतून टोकाकडे निमुळती होत जाई आणि भोके बोटे पोचतील तिथे, बोटाने झाकतील एवढीच लहान पाडलेली असत. बोम यांनी १८४७ मध्ये हे उलटे केले. नळीचे अंग सरळ, सुमारे १९ मिलिमीटर पोकळीचे ठेवले, निमुळतेपणा फक्त डोक्याच्या, म्हणजे फुंक मारायच्या टोकाकडच्या वेगळ्या निघणाऱ्या, भागात ठेवला, भोके ध्वनिशास्त्राला हवी तिथे आणि शक्य तितकी मोठी पाडली, आणि मग ती बोटांच्या आवाक्यात यावीत म्हणून चाव्यांची यंत्रणा बसवली. ही फ्लूट त्यांनी चांदीचीही केली आणि लाकडाचीही. पुढे फ्रान्समध्ये चांदीचे प्रस्थ वाढले आणि १८६० मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीने, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयाने, बोम यांची रचना अभ्यासक्रमात स्वीकारली. इंग्लंड आणि जर्मनीतले वाद्यवृंद मात्र त्याच रचनेच्या लाकडी फ्लूट विसाव्या शतकात बराच काळ वाजवत राहिले. तेव्हा लाकूड जुने आणि धातू नवा, ही विभागणी मुळातच बरोबर नाही.

बंधूंना लाकडाचा म्हणून जो गोडवा ऐकू येतो, तो बहुधा या जुन्या, निमुळत्या नळीच्या आणि लहान भोकांच्या वाद्यांचा आहे. युरोपातल्या बरोक काळातील, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातील, संगीताच्या ध्वनिमुद्रणांत किंवा आयर्लंडच्या लोकसंगीतात आपण ज्या लाकडी फ्लूट ऐकतो त्या त्याच घराण्यातल्या. त्या ऐकून लगेच आधुनिक चांदीची फ्लूट ऐकली की फरक कोणालाही कळतो, पण तो फरक नळीच्या आकाराचा आणि भोकांच्या मापाचा असतो. श्रेय मात्र लाकूड घेऊन जाते.

सतारीचा किंवा गिटारचा भोपळा, पाटी, लाकूड स्वतः थरथरते आणि ती थरथरच आपल्याला ऐकू येते. फ्लूटमध्ये थरथरतो तो नळीतला हवेचा स्तंभ. नळीची भिंत त्याला आकार देते, स्वतः जवळजवळ बोलत नाही. १९७१ मध्ये जॉन कोल्टमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने, जो स्वतः हौशी फ्लूटवादक होता, चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या आतून अगदी सारख्या मापाच्या, चाव्या नसलेल्या तीन फ्लूट केल्या, तिघींना एकाच प्रकारचे प्लास्टिकचे डोके बसवले आणि त्या न दाखवता ऐकवल्या. ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. वाजवणाऱ्यांच्या हाती कोणती फ्लूट आहे हे त्यांना कळू दिले नाही, तेव्हा त्यांनाही ओळखता आल्या नाहीत. हा प्रयोग वाचल्यावर मीही माझ्या वर्गात एकदा पडदा लावून दोन फ्लूट वाजवून घेतल्या. माझे अंदाज किती चुकले ते विद्यार्थ्यांनी मोजून ठेवले होते. तो आकडा इथे छापण्याची माझी तयारी नाही.

मग दोन फ्लूटमध्ये फरक पडतो तो कशाने? सर्वांत जास्त मुखरंध्राने, म्हणजे ज्या भोकावर फुंक मारायची त्याने. धातूच्या फ्लूटची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, म्हणून मुखरंध्राभोवती पाच मिलिमीटरच्या आसपास उंचीचा एक छोटा कठडा उभारून त्यावर ओठ टेकवायची पट्टी बसवतात. लाकडी फ्लूटची भिंतच तीन-चार मिलिमीटर जाड असल्याने तो कठडा लाकडातच कोरून काढतात. या कठड्याची उंची, त्याच्या भिंती आतून किती कलत्या घासल्या आहेत, फुंक जिथे आपटते ती समोरची धार किती तीक्ष्ण आहे, यावर आवाजाचा पोत, खालच्या सप्तकाचा भरणा आणि वरच्या सप्तकाची सहजता ठरते. केसाच्या जाडीएवढे घासकाम इथे साऱ्या नळीच्या धातूपेक्षा जास्त बोलते. चांगला कारागीर लाकडाचे डोके करतो तेव्हा ते गोड वाजते, आणि त्याच हाताने चांदीचे केले तर तेही गोड वाजते.

याचा अर्थ साहित्याने काहीच फरक पडत नाही असा नव्हे. तो ऐकणाऱ्याच्या कानापेक्षा वाजवणाऱ्याच्या हाताओठांना जास्त जाणवतो. लाकडी बोम फ्लूट चांदीच्या फ्लूटपेक्षा साधारणपणे जड असते आणि तास-दीड तासाच्या सरावानंतर सोळा वर्षांच्या मुलीचा डावा खांदा ते बरोबर सांगतो. लाकडावर ओठ निसटत नाही, घामट हवेत चांदीच्या पट्टीवर तो निसटतो. वातानुकूलित सभागृहात धातूची नळी विसाव्याच्या चार मिनिटांत थंडगार होते आणि पहिला स्वर उतरलेला निघतो. लाकूड हळू निवते आणि हळू तापते. हवेचे तापमान दहा अंशांनी उतरले, तर तत्त्वतः स्वर अर्ध्या सुराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका खाली जातो. प्रत्यक्षात आपल्या श्वासाची ऊब त्यातला काही भाग भरून काढते, म्हणून गाडी सावरते.

तुमच्या मुलीपुरते सांगायचे, तर शिक्षकांचे ऐकावे. त्यांचे कारण काहीही असो, माझे कारण असे की गोव्यात किंवा मुंबईत तिला ज्यांच्याबरोबर वाजवायचे आहे त्या सर्वांच्या हातात धातूची बोम फ्लूट आहे, तिची दुरुस्ती करणारे हात इथे मिळतात आणि लाकडी बोम फ्लूटला पावसाळ्यात हात लावायला धजणारा कारागीर शोधावा लागतो. सगळी फ्लूट चांदीची असलीच पाहिजे असेही नाही. अंग जर्मन सिल्व्हरचे, ज्यात नावाला चांदी असली तरी प्रत्यक्षात तांबे, निकेल आणि जस्तच असते, आणि डोके तेवढे भरीव चांदीचे, हाताने घासलेले, अशी फ्लूट याच हिशेबाने उत्तम खरेदी ठरते. निकेलमुळे कोणाकोणाच्या हनुवटीवर पुरळ येते. मुलीला तसे होत असेल तर ओठाची पट्टी चांदीची असणे गरजेचे. आणि लाकडाची हौस राहिलीच, तर धातूच्या अंगावर बसणारे लाकडी डोके वेगळे विकत मिळते. ते दोन-तीन वर्षांनी, तिचा कान आणखी तयार झाल्यावर, तिला स्वतः निवडू द्या.

निवडताना तिने दुकानात जाऊन थेट अवघड तुकडा वाजवू नये. आधी नुसते डोके हातात घ्यावे, उघडे टोक तळहाताने बंद करून अगदी हळू फुंकर मारावी आणि सूर फुटायला किती हवा लागते ते पाहावे. मग टोक उघडून तेच करावे, सूर सुमारे एका सप्तकाने वर जाईल. मग पूर्ण फ्लूट जोडून खालचा सा अगदी बारीक आवाजात धरून पाहावा. जी फ्लूट जोरात छान वाजते पण हळू बोलत नाही, ती परत ठेवावी. वाजवणाऱ्याकडे पाठ करून तुम्हीही ऐकावे. किंमत माहीत नसेल तर अधिक चांगले.

बंधूंनी जुनी फ्लूट आणलीच, तर तिच्यावर हस्तिदंताची कडी किंवा डोके नाही याची आधी खात्री करून घ्यावी. हस्तिदंताचे वाद्य सीमा ओलांडून आणणे म्हणजे कायद्याचे संकट ओढवून घेणे होय.

प्रश्न : मी सात वर्षे बांबूची बासरी वाजवतो. दर एक-दोन वर्षांनी एखादी बासरी तडकते. एका प्रदर्शनात पितळेची बासरी पाहिली. ती आयुष्यभर टिकेल असे विक्रेता म्हणाला. शास्त्रीय संगीतासाठी ती चालेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : टिकेल हे खरे आहे, चालणार नाही. आणि वर धातूची बाजू घेतल्यानंतर हे लिहिताना मी शब्द फिरवत नाही. तिथे धातूच्या नळीला कठडा आहे, चाव्या आहेत. तुम्ही पाहिलेल्या पितळेच्या बासरीला तसे काही नसणार: पातळ पत्र्याच्या नळीला पाडलेली सरळ भोके. मुखरंध्राला उंचीच नाही, त्यामुळे फुंक आपटायला खोली मिळत नाही आणि मंद्र सप्तक पोकळ वाजते. स्वररंध्रांच्या कडा पातळ असल्याने बोटाचे पेर हळूहळू सरकवून मींड घेताना सूर सरकण्याऐवजी उडी मारतो. बांबूच्या जाड भिंतीत कडा थोड्या गोल केलेल्या असतात, बोट त्या कडेवरून घरंगळते, आणि आपल्या संगीताचा निम्मा जीव त्या घरंगळण्यात आहे.

पंडित पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रागसंगीताला पुरेल अशी बत्तीस इंचांच्या आसपासची लांब बासरी घडवली, तेव्हा धातूसह निरनिराळी साहित्ये वापरून पाहिली आणि अखेर ते बांबूवरच आले. आवाज, हाताची पकड आणि वजन या तिन्ही गोष्टी बांबू एकाच वेळी देतो. बांबू तसा लाकूडही नव्हे. तो गवताच्या कुळातला.

तडकण्याचा इलाज दुसरा आहे. बासरीवर दोऱ्याचे वेढे असतात ते शोभेसाठी नसतात, ते सैल झाले की पुन्हा घट्ट बांधून घ्यावेत. वाजवून झाल्यावर आतली ओल पुसावी, महिन्या-दीड महिन्याने आतून मोहरीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, आणि बासरी मोटारीत किंवा उन्हाच्या खिडकीपाशी विसरू नये. दर वर्षी एक बासरी जात असेल, तर चूक बांबूची नसून बहुधा मोटारीची आहे.

प्रश्न : नोकरीनिमित्त डब्लिनमध्ये राहते. इथल्या पबमध्ये संध्याकाळी लोक एकत्र बसून पारंपरिक धून वाजवतात. माझ्याकडे शाळेपासूनची धातूची फ्लूट आहे, तिथे मात्र सगळे लाकडी फ्लूट वाजवतात. मला लाकडीच घ्यावी लागेल का? — एक वाचक, डब्लिन

उत्तर : लागेल असे नाही. जोनी मॅडन या नामवंत वादक आयरिश धून चांदीच्या बोम फ्लूटवरच वाजवतात. तिथे लाकडी फ्लूट रूढ होण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच बाजारभावही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाद्यवृंदांतले वादक बोम यांच्या फ्लूटकडे वळले तेव्हा त्यांच्या सहा भोकांच्या जुन्या लाकडी फ्लूट स्वस्तात बाजारात आल्या आणि त्या आयर्लंडच्या गावोगावच्या वादकांच्या हाती गेल्या. त्या वाद्यांना जी वळणे सहज जमतात, म्हणजे उघड्या भोकावर बोटाने चटकन मारलेले टोले, अर्धवट सरकवलेले सूर, ती मग त्या संगीताची बोली झाली.

तुम्ही लहानपणी थोडी जरी बांबूची बासरी वाजवली असेल, तर गंमत म्हणून एक गोष्ट पाहा. आयरिश फ्लूटची सहाही भोके बंद केली की तिथला आधारस्वर ‘डी’ (D) निघतो. आपल्याकडे सहाही बंद केल्यावर मंद्र पंचम निघतो आणि वरची तीन बंद केली की सा. म्हणजे तीच फ्लूट आपल्या हिशेबाने पाश्चात्त्य ‘जी’ (G) या स्वराला सा मानलेली बासरी होते. बोटे तीच, फक्त सूर म्हणायची रीत बदलते, आणि दोन-तीन आठवड्यांत हात बसतो.

घ्यायचीच तर सुरुवातीला काळ्या शिसवाची महागडी फ्लूट घेण्याची गरज नाही. डेलरिन नावाच्या कठीण प्लास्टिकच्या, आतून तशाच निमुळत्या कोरलेल्या फ्लूट तिथे मिळतात. त्या तडकत नाहीत आणि भारतात येताना बॅगेत टाकल्या तरी काळजी नाही. आवाज नळीच्या आकाराचा असतो, साहित्याचा नव्हे, असे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जे लिहिले त्याचा हा चालता-बोलता पुरावा समजावा.

प्रश्न : सोन्याची, प्लॅटिनमची फ्लूट खरोखर चांगली वाजते, की तो श्रीमंतीचा देखावा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ती फ्लूट घेऊ शकणारा वादक बहुधा चांगला असतो आणि तिचे डोके घडवणारा कारागीर त्याहून चांगला असतो, म्हणून ती चांगली वाजते. जॉर्ज बारेर यांच्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकेत प्लॅटिनमची फ्लूट घडवली गेली तेव्हापासून हा वाद चालू आहे. व्हिएन्नातील संशोधकांनी एकाच बनावटीच्या, पण मुलाम्याच्या चांदीपासून चोवीस कॅरट सोने आणि प्लॅटिनमपर्यंत निरनिराळ्या धातूंच्या सात फ्लूट अनुभवी वादकांकडून वाजवून घेतल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडला. धातूंमधला फरक कानाला सापडला नाही. दोन वादकांमधला फरक मात्र सहज मोजता आला. सोने काळे पडत नाही, हा फायदा खरा आहे.

प्रश्न : आमच्या घरात आजोबांच्या वेळची काळ्या लाकडाची, चाव्यांची फ्लूट आहे. गेली तीस वर्षे ती पेटीत पडून आहे. मला ती वाजवायची इच्छा आहे. आधी काय करावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी काही दिवस ती वाजवूच नका. हे काळे लाकूड बहुधा आफ्रिकी ब्लॅकवुड असणार. टांझानिया-मोझांबिककडचे, आपल्या शिसवाच्याच कुळातले, इतके घट्ट की पाण्यात बुडते. तीस वर्षे कोरडे राहिलेल्या अशा लाकडात एकदम ओलसर ऊन श्वास फुंकला, तर आतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते, आणि डोक्याच्या भागात, मुखरंध्राच्या रेषेत, तडा जातो. मी स्वतः असा तडा जाताना ऐकला आहे; सुपारी फुटावी तसा आवाज झाला होता आणि वाद्य माझे नव्हते.

म्हणून फ्लूटचे भाग वेगळे करून आतून बदामाच्या तेलाचा पातळ हात द्या, तेल चाव्यांखालच्या गाद्यांना लागू देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी जादा तेल पुसून घ्या. असे आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करावे. त्यानंतर रोज पाच मिनिटे, मग दहा, मग पंधरा, असे वाढवत महिनाभराने तासावर यावे. सांधे सैल झाले असतील तर त्यांवर मेण लावलेला दोरा गुंडाळा. पावसाळ्यात तेच सांधे फुगून अडकले तर जोर न लावता दोन वेढे उलगडा. चाव्यांच्या गाद्या मात्र तीस वर्षांत वाळून गेलेल्या असणार, त्या कारागिराकडूनच बदलून घ्याव्या लागतील.

नागपूरच्या उन्हाळ्याची भीती वाटणे साहजिक आहे, पण तिथले कूलर या कामी मदतच करतात, कारण ते खोलीत ओल आणतात. वातानुकूलन यंत्र नेमके उलटे करते. कूलरच्या थेट झोतात मात्र पेटी ठेवू नये. पेटीत झाकण नसलेल्या छोट्या डबीत ओलसर स्पंजचा तुकडा ठेवावा, तो लाकडाला लागू देऊ नये.

आणखी एक गोष्ट वाजवण्याआधी तपासा. डोक्याच्या बंद टोकाच्या आत बूच असते, ते इतक्या वर्षांत सरकलेले असते आणि मग सगळी सप्तके एकमेकांशी भांडतात. पेटीत साफ करायची काडी असेल, तर तिच्या टोकाजवळ एक आडवी खूण कोरलेली सापडेल. काडी आत घालून बुचाला टेकवा. ती खूण मुखरंध्राच्या बरोबर मध्यावर दिसली पाहिजे. काडी नसेल तर बुचापासून मुखरंध्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. बोम रचनेच्या फ्लूटमध्ये ते सुमारे १७ मिलिमीटर असते; जुन्या रचनेच्या फ्लूटमध्ये ते याहून थोडे जास्तही असू शकते, आणि तिथे दोन सप्तके जुळेपर्यंत बूच रेसभर पुढेमागे करून कानाने ठरवावे लागते. ते बूच वाळून आक्रसले असेल आणि बोटाने सहज हलत असेल, तर गाद्यांबरोबर तेही बदलून घ्या.